रेणूंचे ठसे आणि वऱ्हाडातले विष

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी बंद केली. कपाशीवर फवारा मारता मारता माणसे कोसळत होती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. बंदीच्या यादीत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही दोन मिश्रणे होती. शिवाय ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस.

ही यादी रसायनशास्त्राच्या नजरेने वाचली की एक गोष्ट खटकते. औषधे पाच, आणि शरीरावर घाला घालण्याच्या तऱ्हाही तितक्याच. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉस ही फॉस्फरसयुक्त विषे ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. सायपरमेथ्रिन मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा मिटू देत नाही. फिप्रोनिल क्लोराइडच्या वाटा अडवते, इमिडाक्लोप्रिड निकोटिनिक ग्राहींना जाऊन चिकटते आणि डायफेन्थियुरॉन पेशीच्या ऊर्जानिर्मितीवरच घाव घालते. ॲट्रोपिन पहिल्या तिघांवरचा उतारा आहे, बाकीच्यांवरचा नव्हे. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची चाचणीसुद्धा पहिल्या तिघांचीच खबर देते, आणि तीही ‘या कुळातले काहीतरी आहे’ एवढीच. ही चाचणीही तेव्हा यवतमाळात होत नव्हती, हे त्या वेळच्या बातम्यांत वारंवार आले. त्यात दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवण्याची आपल्याकडची सवय. रुग्णाबरोबर बाटली आली तर ठीक, नाहीतर डॉक्टरने लक्षणे पाहून अंदाज बांधायचा.

म्हणजे गरज आहे ती विषाचे नाव सांगणाऱ्या वस्तूची. जीवशास्त्राकडे अशी वस्तू आहे, प्रतिपिंड. पण कीटकनाशकासारख्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंड तयार करायचे तर तो आधी एखाद्या प्रथिनाला जोडावा लागतो, प्राण्याच्या शरीरात टोचावा लागतो आणि हाती आलेला माल बहुधा २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये सांभाळावा लागतो. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि वीजही जाते. तिथे हे किती दिवस टिकणार? दुसरा मार्ग कृत्रिम आहे: रेणूचा ठसा घेतलेला पॉलिमर, म्हणजे ‘मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर’, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘एमआयपी’. गेल्या पन्नास वर्षांत त्यावर हजारो शोधनिबंध निघाले. बाजारात आलेल्या वस्तू मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. असे का झाले आणि यातले वऱ्हाडाच्या कामाचे काय, हा या आढाव्याचा प्रश्न. माझे मत आधीच सांगून टाकतो. या पॉलिमरची आपल्याकडची पहिली जागा पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत नाही आणि संत्र्याच्या निर्यातीसाठी चालणाऱ्या प्रयोगशाळेतही नाही. ती ग्रामीण रुग्णालयात, लघवीच्या नमुन्याशेजारी आहे.

पावसाळ्यात काळ्या रानातून बैल गेला की चिखलात खूर उमटतो आणि वैशाखापर्यंत तो ठसा विटेसारखा कडक होतो. एमआयपीची कल्पना एवढीच आहे. जो रेणू ओळखायचा तो साचा म्हणून द्रावकात घ्यायचा. त्याच्याशी हायड्रोजन बंधाने किंवा विद्युतभाराने जुळणारे छोटे रेणू, म्हणजे मोनोमर, त्यात टाकायचे; ते साच्याभोवती आपापल्या जागा धरतात. मग भरपूर क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधणारा रेणू, घालून, उष्णता किंवा अतिनील प्रकाश देऊन सगळे गोठवायचे आणि शेवटी साचा धुऊन काढायचा. मागे उरलेल्या पोकळीला आकार त्या रेणूचा असतो आणि रेणूला धरणारे गटही नेमक्या जागी असतात. काळ्या मातीची उपमा आणखी एका बाबतीत खरी आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि ठसा बिघडतो. पॉलिमरही द्रावक बदलला की फुगतो किंवा आकसतो. टोल्युइनमध्ये घडवलेला पॉलिमर पाण्यात टाकला आणि साच्याला ओळखेनासा झाला, ही या क्षेत्रातली नेहमीची रड आहे.

या कल्पनेचा इतिहास मोठा गमतीचा. १९३१ साली कीव्हमध्ये मिखाईल पोल्याकोव्ह या रसायनशास्त्रज्ञाला दिसले की बेंझिन किंवा टोल्युइनच्या सान्निध्यात घडवलेले सिलिका जेल पुढे त्याच द्रव्याला जास्त ओढते. १९४० साली लायनस पॉलिंगने तर्क मांडला की शरीरातले प्रतिपिंड परक्या रेणूभोवती घडी घालून आकार घेत असावेत. तर्क चुकीचा ठरला. प्रतिपिंडांची निवड होते, त्यांना साच्यावर घडवले जात नाही. पण याच तर्कावरून पॉलिंगच्या हाताखालच्या फ्रँक डिकीने १९४९ साली मिथाइल ऑरेंज आणि त्याच्या भावंड-रंगांच्या सान्निध्यात सिलिका घडवली, आणि ज्या त्या सिलिकेने आपापला रंग जास्त धरला. चुकीच्या सिद्धान्तातून कामाची वस्तू निघाल्याची इतकी स्वच्छ उदाहरणे विज्ञानात थोडी.

आजचे रूप आले १९७२ साली. जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी साचा आणि मोनोमर यांना सहसंयुज बंधाने जोडून सेंद्रिय पॉलिमर घडवले. बंध पक्का असल्याने पोकळ्या एकसारख्या निघतात. पण दर वेळी बंध तोडायचा आणि पुन्हा जोडायचा, म्हणून काम संथ चालते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात क्लाउस मोसबाख यांनी १९८१पासून सोपी वाट धरली: बंध नकोच, नुसती सलगी पुरे. १९९३ साली त्यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवले की थिओफिलिन या दम्याच्या औषधावर घडवलेला पॉलिमर त्याला कॅफिनपासून वेगळे ओळखतो. दोघांत फरक एका मिथाइल गटाचा. या निबंधानंतर क्षेत्राला पूर आला.

पुरात गाळही आला. बहुतेक प्रबंधांत कृती तीच असते: एक भाग साचा, चार भाग मिथाक्रिलिक आम्ल, वीस भाग एथिलीन ग्लायकॉल डायमिथाक्रिलेट, द्रावक ॲसिटोनायट्राइल, चिमूटभर आरंभक, नायट्रोजन सोडून हवा घालवायची आणि ६० अंशांवर चोवीस तास ठेवायचे. १:४:२० हे प्रमाण हातोहात चालत आले आहे. ते वाईट नाही, पण का चालते ते कळल्याशिवाय आराखडा कसला? साचा आणि मोनोमर यांची जोडी द्रावणात सतत जुळत-तुटत असते. मोनोमर वाढवला की जोड्या वाढतात. पण जोडी न मिळालेला मोनोमरही त्याच पॉलिमरमध्ये वाटेल तिथे अडकतो आणि पुढे वाटेल त्या रेणूला धरतो. मोनोमर कमी केला की पोकळ्याच कमी. क्रॉसलिंकर कमी पडला तर पोकळी ढासळते, फार झाला तर आत-बाहेर जाण्याची वाट बंद होते. उष्णतेने जोड्या सुटतात, म्हणून थंडीत अतिनील प्रकाशावर घडवलेला पॉलिमर बऱ्याचदा सरस ठरतो. द्रावकाचे काम दुहेरी: त्याने साच्याला विरघळवायचे, पण साचा-मोनोमरच्या मध्ये पडायचे नाही. पाणी नेमके मध्येच पडते. हायड्रोजन बंध धरण्यात पाण्यासारखा लोचट रेणू नाही.

आता बंदीच्या यादीतले दोन रेणू शेजारी ठेवून पाहू. मोनोक्रोटोफॉसमध्ये फॉस्फरसला जोडलेला ऑक्सिजन आहे, अमाइडचा कार्बोनिल आहे आणि अमाइडचा हायड्रोजनही आहे. मिथाक्रिलिक आम्ल एका टोकाने हायड्रोजन देऊ शकते, दुसऱ्या टोकाने घेऊ शकते. म्हणजे जोडी जमण्यासारखी. चीनच्या हफे शहरातल्या संशोधकांनी २००५ साली हाच साचा घेऊन पाणी आणि माती यांतली फॉस्फरसयुक्त विषे वेचून काढली. त्यांच्या पॉलिमरने मोनोक्रोटोफॉसबरोबर मेव्हिनफॉस, फॉस्फॅमिडॉन आणि ओमेथोएटही पकडले. अवशेष मोजणाऱ्याला ही चैनच आहे, एका नळीत चार विषे. नाव विचारणाऱ्याला मात्र अर्धेच उत्तर मिळते.

प्रोफेनोफॉसची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे द्यायला हायड्रोजन नाही. फॉस्फरसवरचा ऑक्सिजन सोडला तर धरायला फारसे काही नाही. उरते ते ब्रोमिन-क्लोरिन लावलेले तेलकट वलय. असा रेणू कुठल्याही प्लास्टिकला चिकटतो, ठसा असो वा नसो. त्यामुळे साच्याविना घडवलेला जोड-पॉलिमर, ज्याला ‘एनआयपी’ म्हणतात, तोही जवळपास तेवढाच माल उचलतो आणि मुद्रणाचा गुणांक एकाच्या आसपास घुटमळतो. अशा निकालाला संशोधक सहसा ‘अधिक काम अपेक्षित आहे’ अशा शब्दांत गुंडाळतात. खरे तर तो रेणूनेच दिलेला सल्ला असतो: मला नको, माझ्या नातलगाला साचा कर. हा नातलग पुढे येईल.

या एनआयपीबद्दल थोडे कडक बोलायला हवे. गुणांक म्हणजे एमआयपीने उचललेला माल भागिले एनआयपीने उचललेला माल. गुणांक पाच आला की निबंधात टाळ्या. पण साचा नसताना घडलेल्या पॉलिमरची रंध्रे आणि पृष्ठफळ निराळे असू शकते. मग पाचपटीतला किती भाग ठशाचा आणि किती नुसत्या वाढीव पृष्ठभागाचा? प्रामाणिक तुलना म्हणजे सख्ख्या चुलत रेणूवर घडवलेला दुसरा पॉलिमर शेजारी ठेवणे आणि दोघांना दोन्ही रेणू देऊन बघणे. दोघांनी आपापला ओळखला तर ठसा खरा. हा प्रयोग महाग नाही, वेळखाऊही नाही. तो टाळला जातो, कारण त्याचा निकाल झोंबण्याची शक्यता असते.

दुसरे दुखणे पाझराचे. सॉक्सलेटमध्ये मिथेनॉल-ॲसेटिक आम्लाने कितीही धुतले तरी साच्याचे थोडे रेणू पॉलिमरच्या पोटात राहतात आणि पुढे नमुन्यात उतरतात. मोजायचे आहे एका लिटरमागे मायक्रोग्रॅम, आणि उपकरणच विष सोडते आहे! त्यावर जुना उपाय म्हणजे तोतया साचा: ॲट्राझिन या तणनाशकासाठी प्रोपाझिन, अफ्लाटॉक्सिनसाठी ५,७-डायमिथॉक्सिकूमारिन. दुसऱ्या उदाहरणात कर्करोगकारक द्रव्य हाताळण्याचा धोकाही टळतो. नवा उपाय सर्गेई पिलेत्स्की यांच्या इंग्लंडमधल्या गटाचा. साचा काचेच्या मण्यांवर पक्का बसवायचा, त्याभोवती पॉलिमरचे नॅनोकण वाढवायचे, थंड द्रावकाने दुबळे कण धुऊन टाकायचे आणि मग ६० अंशांच्या आसपास तापवून घट्ट धरणारे कण सोडवून घ्यायचे. साचा मण्यांवरच राहतो, पुन्हा वापरता येतो. शिवाय इथे चांगल्या-वाईट पोकळ्यांची वर्गवारी आपोआप होते, जी ठोकळ्यासारखा घडवून कुटलेल्या पॉलिमरमध्ये कधीच होत नाही. माझ्या लेखी १९९३नंतरची या क्षेत्रातली ही सर्वांत कामाची युक्ती आहे. संगणकावर मोनोमर निवडण्याचा मार्गही याच गटाने रूढ केला. तो नको असलेले मोनोमर गाळायला उत्तम; पण एक साचा आणि एक मोनोमर निर्वातात ठेवून काढलेली बंधऊर्जा प्रत्यक्ष भांड्यातल्या गर्दीबद्दल थोडेच सांगते.

आता पिण्याच्या पाण्याकडे. भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. या विषाचा रेणुभार २२३, म्हणजे ही संहती साधारण ४.५ नॅनोमोलर. सलगीवर घडवलेल्या बऱ्याच पॉलिमरची पकड मायक्रोमोलर पातळीची असते. म्हणजे संहती एक मायक्रोमोलर झाली की निम्म्या पोकळ्या भरतात. ४.५ नॅनोमोलरला किती भरतील? हजारात जेमतेम साडेचार. इतक्या तुटपुंज्या भरण्यावर पट्टीचा रंग बदलणे किंवा इलेक्ट्रोडचा प्रवाह हलणे अवघड. हाच पॉलिमर नळीत भरून तीतून लिटरभर पाणी सोडले तर मात्र हिशेब जमतो, कारण तिथे पोकळ्यांची संख्या प्रचंड असते आणि रेणूला पुन्हा पुन्हा पकडण्याची संधी मिळते. पण मग नळीतून उतरवलेले द्रव्य मोजायला मोठे यंत्र लागतेच. ‘शेतकऱ्याच्या हातात पाणी तपासण्याची पट्टी’ हे वाक्य अर्जात छान दिसते. पकड शंभर पट सुधारल्याशिवाय ते खरे होत नाही.

वऱ्हाडात यात आणखी एक गुंता आहे, खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी इतके खारट असते की ते ना पिता येते ना पिकाला देता येते. शुद्ध पाण्यात नावाजलेला पॉलिमर इथे निराळा वागतो. विद्युतभारावर अवलंबून असलेली पकड क्षारांमुळे सैल होते. उलट तेलकट रेणू पाण्याबाहेर ढकलले जातात आणि पॉलिमरला, ठसा असो-नसो, जास्त चिकटतात. म्हणून दर्यापूर-बाळापूरकडच्या पाण्यात न तपासलेला निकाल इथे लागू पडेल असे धरू नये. या पट्ट्यातला खारटपणा एमआयपीने काढता येईल का, असे विद्यार्थी कधी कधी विचारतात. नाही. आयनांचे ठसे घेता येतात. जपानमध्ये १९७६ पासून धातूंवर ते काम चालू आहे, तिरुवनंतपुरमच्या प्रयोगशाळेत टी. प्रसाद राव यांच्या गटाने युरेनियमसाठी असे पॉलिमर घडवले. पण ती तऱ्हा दुर्मीळ आयन वेचण्याची. ग्रॅमच्या मापाने विरघळलेले मीठ काढायला तो मार्ग नव्हे.

संत्र्याचे काय? वरुड-मोर्शीच्या संत्र्याला बाहेरदेशी जायचे तर अवशेषांची हमी हवी, आणि जिथे विशेष मर्यादा ठरलेली नाही तिथे युरोपात किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट रेषा लागते. पण इथे एमआयपीचा प्रतिस्पर्धी फार तगडा आहे. २००३ साली आलेल्या ‘क्वेचर्स’ पद्धतीत फळाचा लगदा ॲसिटोनायट्राइल आणि क्षारांबरोबर हलवला की शेकडो कीटकनाशके एकदम वर येतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ती एका धावेत मोजतो. एका वेळी एकच विष उचलणाऱ्या नळीला अशा ठिकाणी कोण विचारणार? जागा आहे ती सरसकट जाळ्यातून निसटणाऱ्यांसाठी. २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते क्लोरमेक्वाटमुळे. हे धनभारित, अतिशय जलप्रिय वाढनियंत्रक नेहमीच्या बहुअवशेष पद्धतीत सहज येत नाही. अशा एकांड्या रेणूंसाठी ठसा घेण्यात अर्थ आहे. बाजारात टिकलेल्या नळ्याही त्याच जातीच्या: क्लेनब्यूटेरॉल, क्लोरॅम्फेनिकॉल.

वऱ्हाडासाठी विषापलीकडचाही एक रेणू आहे, आणि त्याकडे इथल्या प्रयोगशाळांनी पाहावे असे मला फार वाटते. सरकीतले गॉसिपॉल. सहा हायड्रॉक्सिल आणि दोन अल्डिहाइड गट मिरवणारा हा पिवळा रेणू म्हणजे ठसा घेणाऱ्याला मेजवानी. धरायला जागाच जागा. त्यात वलयांची दोन जोडपी एकमेकांभोवती फिरू शकत नाहीत, म्हणून त्याची डावी-उजवी अशी दोन रूपे होतात आणि ती वेगळी करण्याचे आव्हानही आहे. ढेपेतले मोकळे गॉसिपॉल कोंबड्या-डुकरांना आणि वासरांना बाधते. रवंथ करणारी मोठी जनावरे बरेचसे पचवतात. चीनमधल्या शिनजियांग या कापूसमुलखातील संशोधकांनी त्यावर एमआयपी घडवले आहेत. इथे संहती नॅनोमोलर नाही, भरपूर आहे. माध्यम पाणी नाही, सेंद्रिय द्रावक आहे. म्हणजे एमआयपीच्या दोन्ही दुखण्यांतून सुटका. सरकीचे ढीग अकोल्याच्या जिनिंगमध्येच आहेत. याच ढेपेला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते, आणि त्यासाठी तोतया साच्याची कृती तयारच आहे.

इलेक्ट्रोडवरच्या सेन्सरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे उत्साह फार आणि पुरावा थोडा. १९९९ साली इटलीतील मालितेस्ता यांनी ऑर्थो-फेनिलीनडायअमाइनचा पातळ थर विजेच्या साहाय्याने थेट इलेक्ट्रोडवर वाढवून ग्लुकोजचा ठसा घेतला. पद्धत सुबक, पाण्यातच होणारी, मिनिटांत आटोपणारी. बनारस हिंदू विद्यापीठात भीमबली प्रसाद यांच्या गटाने एमआयपी-सेन्सरवर बरीच वर्षे काम केले. पण आज निघणाऱ्या अनेक निबंधांत मोजली जाते ती फेरीसायनाइडच्या प्रवाहातली घट: पोकळ्या भरल्या की वाट बंद, प्रवाह कमी. प्रवाह तर रक्तातल्या प्रथिनाचा थर बसला तरी कमी होतो. ठसा नसलेला इलेक्ट्रोड त्याच खऱ्या नमुन्यात बुडवून दाखवल्याशिवाय अशा आलेखावर विश्वास ठेवू नये.

आता रुग्णालय. विषबाधा झालेल्या माणसाच्या लघवीतल्या विषाच्या अवशेषांची पातळी पिण्याच्या पाण्यातल्या मर्यादेच्या कितीतरी पट वर असते, मायक्रोमोलरच्या घरात. म्हणजे जी पकड पाण्यासाठी अपुरी ती इथे पुरते. आणि ठसा मूळ विषाचा घ्यायचाच नाही. शरीरात त्याचे जे होते त्याचा घ्यायचा. प्रोफेनोफॉस फुटले की ४-ब्रोमो-२-क्लोरोफिनॉल बनते. तो वर सांगितलेला नातलग हाच. सायपरमेथ्रिन आणि त्याच्या बऱ्याच भावंडांतून ३-फिनॉक्सिबेंझोइक आम्ल निघते. इमिडाक्लोप्रिडमधून ६-क्लोरोनिकोटिनिक आम्ल. तिन्ही आम्लधर्मी, म्हणून ४-व्हिनाइलपिरिडिनसारखा एकच आम्लारिधर्मी मोनोमर घेऊन तिघांचे आराखडे बांधता येतात. याचा आणखी एक फायदा आहे. केंद्राने २०२३च्या सप्टेंबरमध्ये मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के द्रावणावर बंदी जाहीर केली, साठा संपवायला वर्षभराची मुदत देऊन. एका विषावर बेतलेला सेन्सर अशा अधिसूचनेने एका दिवसात म्हातारा होतो. सायपरमेथ्रिनच्या अख्ख्या पिरेथ्रॉइड कुळाचा माग सांगणारा नाही. फॉस्फरसयुक्त विषांसाठी कोलिनेस्टरेज आहेच. ती चाचणी तालुक्याला पोचवणे हे रसायनशास्त्राचे नाही, प्रशासनाचे काम आहे. एमआयपीने त्या कुळातल्या प्रोफेनोफॉसचे आणि कुळाबाहेरच्या उरलेल्यांचे नाव सांगावे.

अडचणी दोन, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली अशी की हे अवशेष लघवीत बव्हंशी ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेटला जोडलेले येतात. तसे जोडलेले रूप पोकळीत बसणार नाही. आधी आम्ल घालून तापवावे लागेल. चाचणीत अर्धा-पाऊण तास त्यातच जातो. दुसरी अडचण हिप्प्युरिक आम्लाची. निरोगी माणसाच्या लघवीत ते मिलिमोलर प्रमाणात असते, म्हणजे शोधायच्या रेणूपेक्षा हजार पट. त्याच्याविरुद्ध पाच किंवा दहाची निवडकता म्हणजे काहीच नाही. नमुन्याचा सामू नेमका ठेवणे, भरल्यावर एकदा धुऊन घेणे आणि वलयावरच्या ब्रोमिन-क्लोरिनला चपखल बसणारी पोकळी साधणे, हे सगळे एकत्र जमले तरच काम होईल. मला ते जमण्यासारखे वाटते, निदान ब्रोमोक्लोरोफिनॉलच्या बाबतीत. ६-क्लोरोनिकोटिनिक आम्ल सगळ्यांत चिवट ठरेल.

यासाठी लागणारी माणसे आणि जागा इथे आहेत. अमरावतीला १९२३ पासूनची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आणि १९८३ पासूनचे विद्यापीठ, अकोल्याला १९६९ पासूनचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला आणि यवतमाळ दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. लागणारे मोनोमर प्लास्टिक उद्योगातले, स्वस्त. ओव्हन, नायट्रोजनची टाकी, सॉक्सलेट आणि अतिनील शोधक असलेले एचपीएलसी एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघतात. तेव्हा पीएचडीचा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि तो मंजूर करणाऱ्या मार्गदर्शकांना एक विनंती. शंभरावा ॲट्राझिनचा पॉलिमर करू नका. हंगामाआधी, जूनमध्ये, वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधवैद्यक विभागाशी नैतिक समितीची परवानगी घेऊन करार करा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या फवारणीच्या महिन्यांतले नमुने मिळवा. चुलत रेणूचा पॉलिमर आणि हिप्प्युरिक आम्ल यांच्याविरुद्धचे आकडे पहिल्याच तक्त्यात द्या. आणि तेच नमुने दुसऱ्या संस्थेच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, नावे झाकून, तपासून घ्या. निकाल नकारार्थी आला तरी छापा.